कर्णबधिर समलिंगी स्नेहसंघटना (अमेरिका)

कर्णबधिर समलिंगी स्नेहसंघटना : अमेरिकेत आणि शेजारच्या कॅनडात शहरोशहरी उभ्या राहिलेल्या, कर्णबधिर गे पुरुष आणि लेस्बियन स्त्रियांच्या स्थानिक संघटना. यांतल्या बऱ्याच संघटना ‘रेनबो अलायन्स ऑफ द डेफ’ (रॅड) या राष्ट्रीय संस्थेच्या शाखा आहेत. ही संस्था १९७७ मध्ये फ्लॉरिडा राज्यातील फोर्ट लॉडरडेल येथे स्थापन झाली. संस्थेच्या उद्दिष्टांत सभासदांचे शैक्षणिक, आर्थिक व सामाजिक हित आणि आपसातला स्नेह यांचा उल्लेख आधी येतो, हक्कांच्या रक्षणाचा नंतर. हा क्रम ध्यानात ठेवावा. या संघटनांचा इतिहास मोर्चे आणि खटल्यांमध्ये शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. लोक एकमेकांना भेटत राहिले आणि त्या भेटींतूनच पुढचे सगळे घडत गेले.

यामागचे कारण कर्णबधिरांच्या जडणघडणीत आहे. बहुतेक कर्णबधिर मुले, दहांतली नऊहून अधिक, ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. खूणभाषा त्यांना घरी मिळत नाही. ती निवासी शाळेत, वरच्या वर्गातल्या मुलांकडून मिळते. समलिंगी असण्याचेही तसेच. त्याबद्दल विचारायला घरात कोणी नसते. म्हणजे या माणसांना आपली भाषा आणि आपल्यासारखे असण्याची जाण, दोन्ही घराबाहेर, बरोबरीच्यांकडून मिळवावी लागते. आईवडिलांशी जेवणाच्या टेबलावर दोन वाक्यांपलीकडे बोलता न येणाऱ्या माणसाला मित्रमंडळ किती मोलाचे असेल, हे वेगळे सांगायला नको.

असे मंडळ पूर्वी ‘डेफ क्लब’मध्ये मिळे. न्यूयॉर्कमधील युनियन लीग ऑफ द डेफ १८८६ पासूनची, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात असा क्लब होता. कर्णबधिर पुरुष मोठ्या संख्येने छापखान्यांत काम करत. रात्रपाळी संपवून क्लबात येत, पत्ते खेळत, पहाटेपर्यंत हातांनी गप्पा चालत. पण या जगात सगळे सगळ्यांना ओळखतात. शाळा एक, क्लब एक, सामने तेच. एखाद्याबद्दल कुजबुज सुरू झाली की ती दुसऱ्या राज्यातल्या वर्गमित्रांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नसे. समलिंगी म्हणून क्लबातून बाहेर पडावे लागणे म्हणजे आपली भाषा बोलणारी माणसेच गमावणे. त्यामुळे अनेकांनी आयुष्यभर गप्प राहणे पसंत केले.

ऐकू येणाऱ्यांचे गे बार होते, पण तिथली अडचण निराळी. बारमध्ये अंधार असतो, आणि अंधारात खुणा दिसत नाहीत. ओठ वाचणे तर अशक्यच. खिशातल्या वहीवर वाक्य लिहून दाखवायचे, समोरच्याने दोन शब्द खरडून परत द्यायचे आणि थोड्या वेळाने त्याने दुसऱ्या कोणाकडे वळायचे, असा प्रकार चाले. म्हणून पहिले गट कोणाच्या तरी घरी जमू लागले. दिवे लख्ख लावलेले, खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसावेत. दाराची बेल दाबली की खोलीतला दिवा लुकलुके. अशा दिवाणखान्यांतून पुढे घटना, पदाधिकारी, वर्गणी आणि वार्तापत्र असलेल्या संघटना आकाराला आल्या.

१९७७ हे वर्ष अमेरिकेतल्या अपंगांसाठी आणि समलिंगींसाठी फार मोठ्या घडामोडींचे होते. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ (सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करण्यास मनाई करणारे कलम) ची नियमावली अडवून ठेवल्याबद्दल त्या वर्षीच्या ५ एप्रिलला देशभर अपंगांनी सरकारी कार्यालयांत ठिय्या दिला. या आंदोलनामागच्या राष्ट्रीय महासंघाचे प्रमुख फ्रँक बो हे स्वतः कर्णबधिर होते. सॅन फ्रान्सिस्कोतील ठिय्या सर्वांत लांबला. सरकारने इमारतीचे दूरध्वनी तोडले, तेव्हा आतले कर्णबधिर आंदोलक खिडकीत उभे राहून खाली जमलेल्यांना खुणांनी निरोप देत होते. समलिंगींवरचे हल्ले रोखण्यासाठी रस्त्यांवर गस्त घालणाऱ्या बटरफ्लाय ब्रिगेड या गटाने आत लपवून वॉकीटॉकी पोहोचवले. २८ एप्रिलला नियमावलीवर सही झाली. इकडे फ्लॉरिडात ७ जूनला, फोर्ट लॉडरडेलच्या दक्षिणेला असलेल्या डेड काउंटीच्या मतदारांनी समलिंगींना संरक्षण देणारा स्थानिक नियम रद्द केला. गायिका अनिता ब्रायंट यांनी त्यासाठी चालवलेली मोहीम देशभर गाजली. समलिंगींविरुद्ध वातावरण तापलेल्या या भागात, त्याच वर्षी, कर्णबधिर समलिंगींनी आपली राष्ट्रीय संघटना उभी केली, ही मोठ्या धैर्याची गोष्ट आहे.

संघटना चालवायची तर निरोप पोहोचायला हवेत. कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटब्रेख्ट यांनी १९६४ मध्ये टेलिप्रिंटर साध्या दूरध्वनीला जोडण्याची युक्ती काढली होती. त्यातून टीटीवाय हे यंत्र घराघरांत आले. आपले वाक्य टंकून झाले की शेवटी ‘जीए’ टंकायचे, म्हणजे आता तुम्ही बोला. संभाषण संपवताना ‘एसके’. यंत्रातून कागदाची गुंडाळी बाहेर येई आणि तिच्यावर दोन्ही बाजूंचे सगळे बोलणे छापलेले असे. घरात ऐकू येणारी माणसे असतील तर तो कागद फाडून टाकल्याशिवाय उठता येत नसे. ज्याच्याकडे टीटीवाय नाही त्याला फोन करायचा तर मध्ये तिसरी व्यक्ती लागे, आणि तिला सगळे कळे. संघटनेचे वार्तापत्र त्यामानाने सुरक्षित. बंद पाकिटातून येई आणि पुढच्या भेटीची तारीख देई.

५ जून १९८१ रोजी, पुढे एड्स म्हणून ओळखल्या गेलेल्या आजाराची पहिली सरकारी नोंद प्रसिद्ध झाली. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत या संघटनांचे काम पार बदलले. एड्सविषयीची माहिती पत्रके, रेडिओ आणि दूरध्वनी सेवा यांतून दिली जात होती. रेडिओ कर्णबधिरांच्या उपयोगाचा नव्हता, दूरध्वनी सेवांकडे बहुधा टीटीवाय नसे. पत्रके इंग्रजीत होती, आणि कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या १८८० च्या मिलान परिषदेनंतर शाळांनी खूणभाषा हद्दपार करून केवळ उच्चार शिकवण्यावर भर दिल्याने कित्येक पिढ्यांचे इंग्रजी वाचन सरासरी चौथी इयत्तेच्या आसपासच अडले होते. तपासणीचा निकाल ‘पॉझिटिव्ह’ म्हटल्यावर बातमी चांगली आहे असा समज झाल्याची उदाहरणे त्या काळच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी नोंदवली आहेत. मग सभासदांनीच विषाणू रक्तात कसा शिरतो, निरोध कसा वापरायचा, हे हातांनी, चित्रांनी, काही आडपडदा न ठेवता समजावून सांगायला सुरुवात केली. खूणभाषेत हे सगळे दाखवूनच सांगावे लागते. सरकारी पत्रकातली गोलमोल भाषा तिथे निरुपयोगी होती.

रुग्णालयात याहून कठीण प्रसंग येत. कलम ५०४ आणि पुढे १९९० चा अपंग हक्क कायदा यांनुसार दुभाषी मिळायला हवा होता. प्रत्यक्षात अनेकदा कागदाच्या चिठ्ठीवर काम भागवले जाई. दुभाषी मिळाला तरी संकोच असे, कारण तोच दुभाषी उद्या क्लबात किंवा चर्चमध्ये भेटणार. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या दुभाष्यांच्या राष्ट्रीय नोंदणी संस्थेने गोपनीयतेचा दंडक घातला होता, तरी एवढ्याशा समाजात भीती जात नव्हती. म्हणून संघटनेतले मित्र आळीपाळीने उशाशी बसत. आईबाप आले तर त्यांच्यात आणि त्यांच्याच मुलात दुवा व्हायचे कामही याच मित्रांकडे येई.

एड्सने किती कर्णबधिर माणसे नेली हे सांगता येत नाही, कारण अमेरिकेच्या सरकारी नोंदींत रुग्णाला ऐकू येते की नाही हा रकानाच नव्हता. या संघटनांच्या आठवणींचेही यात मोठे नुकसान झाले. सभेची इतिवृत्ते इंग्रजीत लिहिली जात, त्रोटक आणि औपचारिक. खरा इतिहास, म्हणजे कोण कोणाला कसे भेटले, कोणाचे घर सगळ्यांसाठी उघडे असे, हे खुणांतून सांगितले जाई आणि सहसा कुठेच नोंदले जात नसे. ते सांगणारी पिढीच मधल्यामध्ये विरळ झाली.

अंतर्गत प्रश्नही होते. ऐकू येणाऱ्या जोडीदारांना आणि खूणभाषा शिकणाऱ्यांना कितपत स्थान द्यावे, याबद्दल मतभेद स्वाभाविक होते. दोन ऐकणारे आपसात तोंडाने बोलू लागले की खोलीतले बाकीचे बाहेर पडल्यासारखेच होते. वर्णाचा प्रश्न याहून जुना. दक्षिणेकडे कृष्णवर्णीय कर्णबधिरांच्या शाळा वेगळ्या होत्या, त्यांची खूणभाषा वेगळी घडली, क्लब वेगळे राहिले; शाळेतून जुळणाऱ्या ओळखींवर उभ्या राहणाऱ्या संघटनेत ती दरी आपोआप बुजण्यासारखी नव्हती. काळानुसार उभयलिंगी आणि पारलिंगी सभासदांचाही उल्लेख उद्दिष्टांत आला.

१९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ड्रॅगो रेंटेरिया यांनी डेफ क्विअर रिसोर्स सेंटर सुरू केले आणि इंटरनेटवरून माहिती देण्यास आरंभ केला. लहान गावात एकट्या पडलेल्या कर्णबधिर तरुणाला आता जवळच्या शहरात कोण आहे हे स्वतःच शोधता येऊ लागले. पुढे व्हिडिओ कॉलमुळे खुणांनी दूरवर बोलणे शक्य झाले, तसे जुने डेफ क्लब बंद पडत गेले आणि स्थानिक शाखांनाही त्याची झळ लागली. पदाधिकारी मिळेनात, नवे सभासद येईनात. तरीही रॅडची राष्ट्रीय परिषद दर दोन वर्षांनी वेगळ्या शहरात भरत आली आहे, आणि तिचा भार मुख्यतः यजमान शहरातले स्वयंसेवक उचलतात: सभागृह ठरवणे, अंध-बधिर सभासदांसाठी स्पर्शाने खुणा पोहोचवणारे सहाय्यक शोधणे, आणि वय झालेल्या सभासदांना सोबत करणे.