बेकवेल अँड ब्राउन
सॅन फ्रान्सिस्कोतील वास्तुविशारदांची भागीदारी संस्था (सुमारे १९०५ ते १९२७). संस्थापक जॉन बेकवेल (धाकटे) आणि आर्थर ब्राउन (धाकटे) हे दोघेही पॅरिसच्या एकोल द बोझार या कला व वास्तुकलेच्या शाळेत शिकले; ब्राउन तेथे फ्रेंच वास्तुविशारद व्हिक्टर लालू यांचे शिष्य होते. बर्कलीचे नगरभवन (१९०९) या संस्थेने लालूंच्याच, फ्रान्समधील तूर शहराच्या नगरभवनावरून बेतले.

१९०६च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोचे जुने नगरभवन ढासळले. नव्या इमारतीसाठी १९१२ साली शहरातील वास्तुविशारदांची स्पर्धा झाली आणि ७३ प्रवेशिकांतून या संस्थेची निवड झाली. १९१३ साली सुरू झालेले बांधकाम डिसेंबर १९१५मध्ये संपले.

या इमारतीच्या घुमटाचे कौतुक फार होते. संस्थेचे खरे कसब मात्र आराखड्यात दिसते. बोझारच्या पद्धतीत आधी तळ-आराखडा पक्का करतात, मग उभा छेद (इमारत उभी कापली तर आत दिसेल ती रचना) आणि त्यानंतर दर्शनी भाग. सुमारे ३९० × २७३ फुटांच्या या इमारतीत समारंभाचा भाग मध्यावर आहे. पोल्क रस्त्यावरून आत आलेला माणूस घुमटाखालून थेट रुंद जिन्यापाशी पोहोचतो. जिना चढला की समोर लोकप्रतिनिधींचे सभागृह, तर पाठीमागे, पूर्वेला, महापौरांचे कार्यालय. उत्तरेस आणि दक्षिणेस एकेक चौक ठेवून त्यांच्याभोवती कचेऱ्या मांडल्या आहेत. त्यामुळे एवढ्या पसरट इमारतीतही आतल्या खोल्यांना उजेड मिळतो, आणि कामासाठी आलेल्यांची वर्दळ सभेच्या आड येत नाही.

घुमट ३०७ फूट उंच, म्हणजे वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल या संसद-इमारतीच्या घुमटाहूनही उंच आहे. इतके वजन इतक्या उंचीवर असले की भूकंपात त्याला पीळ बसतो. १९८९च्या लोमा प्रिएटा भूकंपात तो सुमारे ४ इंच पिळवटला. दुरुस्तीत खांबांचा भार जॅकवर पेलून ते पायाजवळ कापण्यात आले आणि मध्ये रबर व पोलादाच्या थरांचे ५००हून अधिक भूकंप-विलगक, म्हणजे जमिनीचा हादरा इमारतीपर्यंत कमी पोहोचू देणाऱ्या गाद्या, बसवले गेले. इमारत सरकायला वाव हवा म्हणून भोवती खंदकासारखी मोकळी फट सोडली आहे. ही फट बुजली किंवा तिच्यातून ताठ नळ नेले, तर हादरा पुन्हा थेट भिंतींना बसेल. म्हणून तेथील जोडण्या लवचिक ठेवाव्या लागतात. हे काम १९९९मध्ये पूर्ण झाले.

पॅसाडिनाचे नगरभवन (१९२७) हे संस्थेचे अखेरच्या काळातील काम. तेथे इमारतीच्या मधोमध बागेचा प्रशस्त चौक आहे आणि घुमट प्रवेशाच्या बाजूच्या बुरुजावर चढवलेला आहे. पुढे या इमारतीच्या पायातही विलगक बसवावे लागले.