चालताना प्रश्न विचारला की आजोबा का थांबतात?

संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीला फेऱ्या मारणारी ज्येष्ठ मंडळी नीट पाहा. गप्पा रंगलेल्या असतात, कुणीतरी विचारतं, "काय हो, नातवाचं अ‍ॅडमिशन झालं का?" आणि एखादे आजोबा जागीच थांबतात, उत्तर देतात, मग पुढचं पाऊल टाकतात. सवय असेल, म्हणून आपण सोडून देतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी मात्र हेच मोजलं. १९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी निवासी संस्थेतल्या ५८ वृद्धांची निरीक्षणं छापली. चालताना बोलायला लागलं की थांबणारे १२ जण निघाले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांतले १० पडले.

चालणं हे एकट्या पायांचं काम नाही. डोळे, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय, तळपाय आणि सांधे यांच्याकडून येणारी खबर मेंदू सतत जुळवत असतो. तरुणपणी हे बिनबोभाट चालतं. वय वाढलं की नजर अधू होते, तळपायाची जाणीव बोथट होते (मधुमेह असेल तर जास्तच). मग ही कसर मेंदूच्या पुढच्या भागाला भरून काढावी लागते. साधं चालायलाही लक्ष द्यावं लागतं. त्यात गोखले रोडवर मागून रिक्षाचा हॉर्न, खिशात वाजणारा फोन आणि पायाखाली उखडलेला पेव्हर ब्लॉक. लक्ष पुरणार कुठून?

म्हणून व्यायामात डोकंही घ्यायचं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाच देशांतले, आधी पडलेले ३०२ ज्येष्ठ होते. निम्मे नुसते ट्रेडमिलवर चालले. बाकीच्यांना चालताना समोरच्या पडद्यावरचे अडथळे चुकवायचे होते, वाट निवडायची होती. सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा. नंतरच्या सहा महिन्यांत दुसऱ्या गटात पडण्याचं प्रमाण पहिल्यापेक्षा ४२ टक्क्यांनी कमी भरलं.

यंत्रच हवं असंही नाही. जिनिव्हात पियानोच्या बदलत्या तालावर पावलं बदलायला लावली, तरी पडणं घटलं. टिपऱ्या खेळलेल्या बायकांना यातली मेख लगेच कळेल.

घरी करायचं तर कल्याणपासून ठाण्याकडे एक सोडून एक स्टेशन म्हणत चाला: कल्याण, डोंबिवली, दिवा, कळवा. चुकलं तर चुकू द्या, पाऊल अडखळायला नको. सुरुवात भिंतीलगत, सोबत कुणीतरी हवं. जिन्यावर हा खेळ अजिबात नको. शिवाय पायांत ताकद नसेल तर नुसत्या डोक्याच्या कसरतीने भागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, हे रोज हवंच. नुसत्या रमतगमत फेऱ्यांवर मी तरी भिस्त ठेवणार नाही.

झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि उठताना भोवळ येते? मग स्टेशनं राहू द्या, आधी गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा.