उपकेंद्रातली नर्सबाई: विदर्भाच्या गावआरोग्यामागचा इतिहास

विदर्भातल्या खेड्यात सरकारी आरोग्यसेवा म्हणजे आधी नर्सबाई. डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात असतात. अंगणवाडीत लस टोचायला, गरोदर बाईचं वजन आणि बीपी पाहायला, बाळंतिणीची विचारपूस करायला घरापर्यंत येते ती उपकेंद्रातली, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राखालच्या छोट्या केंद्रातली, एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका). तिच्या वाट्याला इतकी कामं कशी आली आणि काही दारं तिला अजूनही अर्धीच का उघडतात, हे कळायला स्वातंत्र्याच्या आधीपासून सुरुवात करावी लागते.

इंग्रजांच्या काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडात शिकलेली नर्स दिसायची ती शहरात. १८८५ साली लेडी डफरीन यांच्या नावाने निधी उभा राहिला आणि देशभर स्त्रियांची रुग्णालयं निघाली. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक आजही ‘डफरीन’च म्हणतात. नागपुरात मिशनऱ्यांचे दवाखाने होते. खेड्यातलं बाळंतपण मात्र सुइणीच्या हाती. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करायला १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा देशात सुमारे ४३ हजार लोकांमागे एक नर्स होती. हजार जन्मांमागे वीसेक माता दगावत आणि १६० च्या वर बाळं पहिला वाढदिवस पाहत नसत. त्याच सुमारास सेवाग्रामात कस्तुरबांच्या स्मृत्यर्थ डॉ. सुशीला नायर यांनी बायका-मुलांसाठी छोटं रुग्णालय उभं केलं. १९६९ मध्ये त्याच्या जोडीला वैद्यकीय महाविद्यालय आलं, तेही खेड्यात राहून खेड्यासाठी डॉक्टर घडवायचे म्हणून.

पूर्ण नर्स घडवायला वेळ लागतो, पैसा लागतो. म्हणून पन्नाशीच्या दशकात कमी मुदतीचा अभ्यासक्रम निघाला: सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजेच एएनएम. काम एका ओळीत सांगता येईल असं होतं, बाळंतपण आणि आई-मुलाची काळजी. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावची आरोग्ययंत्रणा त्यांच्याकडे गेली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने वेगवेगळ्या मोहिमांचे वेगवेगळे कर्मचारी मोडीत काढून बहुउद्देशीय आरोग्यसेवक आणि आरोग्यसेविका सुचवले. एएनएमचीच आरोग्यसेविका झाली. विचार बरोबर होता, कारण एकाच घरात मलेरियाचा, देवीचा आणि कुटुंब नियोजनाचा माणूस तीनदा जाण्यात अर्थ नव्हता. पण ‘बहुउद्देशीय’मध्ये किती उद्देश बसवायचे याला कुणी सीमा घातली नाही.

पहिला घाव बसला तो कुटुंब नियोजनाचा. आणीबाणीत नसबंदीचे कोटे ठरले. त्यानंतर पुरुषांवरचा भर ओसरून बायकांच्या शस्त्रक्रियांवर आला आणि ‘केसेस’ आणायचं ओझं आरोग्यसेविकेवर पडलं. किती बाळंतपणं सुखरूप केली यापेक्षा किती ऑपरेशनं आणली यावर तिचा हिशेब होऊ लागला. सरकारने ही उद्दिष्टांची पद्धत १९९६ मध्ये अधिकृतपणे सोडली, तोवर एक अख्खी पिढी तिला ‘ऑपरेशनवाली बाई’ म्हणून ओळखायला लागली होती. माझ्या मते गावआरोग्याच्या इतिहासातलं सर्वांत मोठं नुकसान हेच. जिच्यावर भरवसा ठेवून पोर हातात द्यायचं, तिलाच पाहून बाई आत जाऊ लागली. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं, तेव्हा लसीची पेटी घेऊन तीच बाई त्याच दारात उभी होती, आणि गेलेला भरवसा तिलाच परत मिळवावा लागला.

या इतिहासात विदर्भाने दिलेली मोठी भर गडचिरोलीतून आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नवजात बाळाचा न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्ग ओळखायला दवाखानाच हवा असं नाही, गावातली थोडी शिकलेली बाई घरोघर जाऊन ते करू शकते, हे त्यांनी ३९ गावांत करून दाखवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून हीच पद्धत देशभर आशांमार्फत, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या बायकांमार्फत, राबवली जाते. बाळ दवाखान्यात जन्मलं तर सहा गृहभेटी, घरी जन्मलं तर सात.

आशा आल्या त्या २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून. त्याच वर्षीच्या जननी सुरक्षा योजनेने बाळंतपण घरातून दवाखान्यात नेलं. नर्सबाईच्या पिशवीत आता आशांचं काम पाहणं आणि रजिस्टरं भरणं हेही आलं. उपकेंद्राचं माप मात्र लोकसंख्येचंच राहिलं: सपाट भागात ५,०००, आदिवासी व डोंगराळ भागात ३,०००. वर्ध्याच्या सपाटीवर हे चालून जातं. मेळघाटात तेवढेच लोक डोंगरभर विखुरलेले असतात. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडची गावं तुटतात. तिथे कोरकू किंवा माडिया या आदिवासी भाषा बोलता येणारी सेविका असणं हे औषधाइतकंच गरजेचं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

२०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली. सोबतीला समुदाय आरोग्य अधिकारी आले, काही ठिकाणी बीएएमएस डॉक्टर, काही ठिकाणी नर्सिंगचे पदवीधर. मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी गावातच होऊ लागली. पूर्व विदर्भात त्याला सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, जोड आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर पक्क्या निदानासाठी नमुना पुढे, आणि लग्नाआधी दोन्ही घरांना समजावणं. २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जाहीर केलं. या समजावण्याला एकच भेट पुरत नाही, आणि त्या वारंवारच्या भेटी एएनएम आणि आशा यांच्याच वाट्याला येतात.