टेप कुणाच्या हातात?

नागपूरच्या कुठल्याही झोपडपट्टीत मोजायची टेप उलगडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कायले मोजून राहिले जी?" विचारणाऱ्याच्या मनात दोनच शक्यता असतात, एक तर पट्टा, म्हणजे जागेच्या हक्काचा कागद, मिळणार किंवा अतिक्रमणवाले येणार. घर कसं हवं, नळ कुठं हवा, हे विचारायला कुणी टेप घेऊन आलं असेल, ही तिसरी शक्यता त्याच्या डोक्यात येत नाही. लोकांना सोबत घेऊन आराखडा करणारे आणि तेच वर्गात शिकवणारे अर्बन डिझायनर नेमकं त्या तिसऱ्या शक्यतेवर आयुष्य काढतात. ही वाट कुठून आली, त्याची ही पार्श्वभूमी.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ ला तिथं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे शहर सुधारणारी सरकारी संस्था, निघाला. दाट वस्ती म्हणजे रोग, आणि उपाय म्हणजे तिच्यातून सरळ रस्ता काढणं, अशी ती पद्धत. याच घराण्यातली आपली संस्था म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, स्थापना १९३६. नागपूरकर तिला नासुप्र म्हणतात.

या पद्धतीला त्याच काळात विरोध करणारा एक स्कॉटिश माणूस होता, पॅट्रिक गेडिस. १९१४ मध्ये तो भारतात आला. त्याच्या नगररचना प्रदर्शनाचं सामान घेऊन येणारं जहाज जर्मन युद्धनौका एम्डेननं बुडवलं, तर पठ्ठ्यानं नवं सामान जमवून प्रदर्शन पुन्हा उभं केलं. शहर पाहायचं तर गल्लीबोळांतून पायी फिरावं, आणि पाडायचं तर अगदी मोजकं पाडून बाकीचं जपावं, हा त्याचा आग्रह. इंदूरला त्यानं दिवाळीची मिरवणूक काढली आणि जाहीर केलं, जिथं सर्वांत जास्त घरं झाडून-सारवून दुरुस्त होतील त्या रस्त्यानं ती जाईल. लोकांनी घरं साफ केली. १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला, आपले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये त्याचेच विद्यार्थी. आराखडा करणं आणि शिकवणं हे एकाच माणसानं करायचं, ही परंपरा भारतात तेव्हापासूनची. ट्रस्टांनी मात्र गेडिसपेक्षा रस्ता पसंत केला.

गंमत अशी की नासुप्र निघाली त्याच १९३६ मध्ये, नागपूरपासून जेमतेम ७५ किलोमीटरवर, सेवाग्रामला गांधीजींचं पहिलं घर, आदी निवास, बांधलं गेलं. खर्च ५०० रुपयांच्या वर नको, सामान आणि हात आसपासचे, ही अट. एकाच वर्षी एकाच मुलखात दोन टोकांचे विचार उभे राहिले.

शहर वाढलं ते तिसऱ्याच मार्गानं. शेतजमीन घेऊन लेआउट पाडले गेले, प्लॉट विकले गेले, घरं उठली, परवानगी मागाहून. '५७२ लेआउट' आणि '१९०० लेआउट' ही अशा विनापरवानगी लेआउटांच्या गटांची, त्यांच्या संख्येवरून पडलेली नावं, नागपूरबाहेर कुणाला कळणार नाहीत. इथं पानठेल्यावरही कळतात. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं ते नियमित करायची सोय झाली आणि 'डिमांड भरली का, आरएल आलं का' ही दोन वाक्यं घराघरांत गेली; डिमांड म्हणजे त्यासाठी भरायची रक्कम, आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र. मला विचाराल तर हे लोकांनीच केलेलं नगर नियोजन होतं. फक्त त्यात नालीचा आणि मैदानाचा विचार करणारं कुणी नव्हतं. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती, त्यातले एक तृतीयांशाहून जास्त लोक झोपडपट्टीत.

अमेरिकेत शेरी अर्नस्टाईन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या पायऱ्या नुसत्या देखाव्याच्या, वरच्या पायरीवर लोकांच्या हाती खरा अधिकार. मुंबईत १९८४ ला झोपडपट्टी-फूटपाथवरच्या लोकांसोबत काम करणारी 'स्पार्क' ही संस्था सुरू झाली. तिच्यासोबतच्या महिला मिलन या संघटनेतल्या, फूटपाथवर राहणाऱ्या बायका साडीनं मापं घेत आणि कापडाची पूर्ण आकाराची घरं उभी करून बघत. इंदूरची अरण्य ही गरिबांसाठीची वसाहत आखण्याआधी वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींच्या चमूनं तिथल्या झोपडपट्ट्या बारकाईनं अभ्यासल्या. दोशी स्वतः शिक्षकच.

नागपुरात ही पद्धत आर्किटेक्चरच्या स्टुडिओमधून, म्हणजे कॉलेजातल्या डिझाइनच्या वर्गातून, आली. आमच्या एका स्टुडिओत मुलांनी ३० चौरस मीटर चटई क्षेत्राचं घर कागदावर काढलं होतं, सुबक. बौद्ध विहाराच्या अंगणात चुन्यानं ते खऱ्या मापात आखलं आणि बायकांना म्हटलं, राहून बघा. एकीनं खाट टाकली, दुसरीनं गॅस आणि माठ. मग एक आजी खिडकीच्या रेषेवर उभी राहून म्हणाली, "अन् कूलर कुठं ठेवाचा?" पंचेचाळीस अंशांच्या गावात मुलं कूलर विसरली होती. कूलरला बाहेरची भिंत लागते, पाणी लागतं, आणि गल्लीत तीन फूट जागाही. दोन घरं समोरासमोर ठेवायची तर गल्लीची रुंदी तिथं ठरते. त्या संध्याकाळी सगळे नकाशे बदलले. मुलांना जे वर्षभर सांगून झालं नव्हतं ते आजींनी एका वाक्यात करून दाखवलं, आणि शिक्षकानं तोंड बंद ठेवण्याचं महत्त्व मला कळलं.

कायद्यानं दार उघडलेलं आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या आल्या, २००९ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात क्षेत्र सभाही, म्हणजे प्रभागातल्या एका भागाच्या मतदारांची सभा, आणली. तुमच्या भागात ती कधी भरली होती, शेजाऱ्याला विचारून बघा. विकास आराखड्याला हरकती-सूचना मागवतात, पण तोवर रेषा ओढून झालेल्या असतात. अर्नस्टाईनबाईंच्या शिडीवर ही पायरी खालचीच.

पट्ट्यांच्या मोजणीत तर जमीन कुणाची यावर सगळं अडतं. नझूल म्हणजे शहरातली सरकारी जमीन, महापालिका, नासुप्र, रेल्वे, खासगी, आणि कागदोपत्री 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेली जमीन, प्रत्येकाची वाट वेगळी. एका गल्लीत डावीकडची घरं एका खात्याच्या जागेवर, उजवीकडची दुसऱ्याच्या. मुलं डावीकडची घरं मोजत पुढं निघाली, तेव्हा उजवीकडच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या बाईनं मान वर केली.

"अन् आमचं कवा मोजता जी?"