मधुमेही आईवडिलांची बारीक मुले

सातारा-सांगलीकडे मूल अंगाने बारीक दिसले की त्याला दूध-तूप आणि कंदी पेढे आग्रहाने खाऊ घातले जातात. घरात कुणाला 'शुगर' असली, तरी काडीसारख्या पोराला ती कशी होईल, असे मानले जाते. हा समज घातक आहे.

आईवडिलांपैकी एकाला टाइप २ मधुमेह (बहुधा मोठेपणी होणारा, नेहमी आढळणारा प्रकार) असेल, तर अपत्याला आयुष्यात कधीतरी तो होण्याची शक्यता ढोबळमानाने ४० टक्के आणि दोघांनाही असेल, तर ७० टक्क्यांच्या आसपास मानली जाते. (बहुधा लहान वयात सुरू होणाऱ्या टाइप १ मधुमेहात ही शक्यता पुष्कळ कमी असते.) यात जनुकांचा वाटा मोठा आहे, पण सारा भार त्यांच्यावर टाकता येत नाही. अमेरिकेतील पिमा आदिवासींमध्ये एकाच आईच्या मुलांची तुलना झाली, तेव्हा आईच्या मधुमेहाचे निदान झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांत लठ्ठपणा आणि मधुमेह, आधी जन्मलेल्या भावंडांपेक्षा अधिक आढळला. वडिलांच्या बाबतीत निदानाच्या आधी आणि नंतर जन्मलेल्या मुलांत असा फरक दिसला नाही. म्हणजे काही वारसा गर्भाशयातच तयार होतो. आईच्या रक्तातील ग्लुकोज वारेतून बाळाकडे जाते, तिचे इन्सुलिन (रक्तातील साखर आटोक्यात ठेवणारे संप्रेरक) मात्र जात नाही. मग बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करू लागते आणि त्याच्या अंगावर चरबी साठत जाते.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी लपलेली असू शकते आणि मधुमेहाचा धोका राहतो. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत ज्यांच्या आज्यांनी कमी अन्नावर कष्ट उपसले, त्यांची नातवंडे आज शहरात बसून शिकतात आणि पाकिटातला खाऊ खातात. पिढ्यांमधले हे अंतर मला सर्वांत काळजीचे वाटते.

म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नये. मुलाच्या कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा काळपट पट्टा दिसला, तर तो मळ समजून घासत न बसता डॉक्टरांना दाखवावा, कारण इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाल्याची ती खूण असू शकते. मुलाने रोज किमान ६० मिनिटे अंगमेहनतीचे खेळ खेळावेत. ताट मात्र एकट्या मुलाचे बदलून चालत नाही, घरातल्या सर्वांचेच बदलावे लागते.

काही वारसा गर्भाशयातच तयार होत असल्याने गर्भवतीची ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पहिल्याच तपासणीत आणि ती ठीक आल्यास पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान करावी. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी रक्तातील साखर १४० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक आली, तर उपचार सुरू होतात. बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते, त्यामुळे सहा आठवड्यांनी करायची फेरतपासणी अनेकदा राहून जाते. पुढचे बाळ कोणत्या साखरेत वाढणार, याचा अंदाज त्याच तपासणीतून येतो.