चरबी आणि आतड्यातल्या गाठी: एका संशयाची पार्श्वभूमी

1968 मध्ये विल्यम हेन्सेल आणि मिनोरू कुरिहारा यांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी लोकांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. तेव्हाच्या जपानमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी आढळे. अमेरिकेत गेलेल्यांमध्ये मात्र तो तिथल्या गोऱ्या लोकांच्या प्रमाणाकडे सरकलेला दिसला. वंश तोच, तेव्हा संशय ताटातल्या बदलावर गेला. 1975 मध्ये ब्रूस आर्मस्ट्राँग आणि रिचर्ड डॉल यांनी देशोदेशींचे आकडे ताडून पाहिले. जिथे मांस आणि चरबी जास्त, तिथे हा कर्करोगही जास्त होता. मुंबईत 1963 पासून कर्करोगाची नोंदणी सुरू होती. तिथलं प्रमाण अमेरिकेपेक्षा खूपच कमी होतं.

पण श्रीमंत देशांच्या जेवणात चरबी वाढते तसा चोथा घटतो. डेनिस बर्किट यांनी आफ्रिकेतल्या अनुभवावरून बोट ठेवलं ते या चोथ्यावर. दोघांतलं खरं कारण कोणतं, हे देशांच्या सरासरीवरून कधीच ठरलं नसतं.

चरबीच्या बाजूने बोलणारा दुवा पित्तात होता. चरबी पचवण्यासाठी यकृत पित्ताम्लं सोडतं. त्यातली थोडी मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांचं डीऑक्सिकोलिक आम्लासारख्या पदार्थांत रूपांतर करतात. मायकेल हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये याच पदार्थांवर संशय घेतला. पुढे बंडारू रेड्डी यांनी उंदरांवर बरीच वर्षं प्रयोग केले. मक्याच्या तेलाने गाठी वाढल्या, ऑलिव्ह किंवा माशांच्या तेलाने तशा वाढल्या नाहीत. ‘चरबी’ म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजणं तेव्हाच थांबायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

ते थांबलं नाही. अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या 48,835 स्त्रियांवर मोठी चाचणी झाली, तीही एकूण चरबी कमी करण्याची. उद्दिष्ट होतं उष्मांकांच्या 20 टक्के. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी साधारण 24 आणि सहाव्या वर्षी 29 टक्के गाठता आले. 2006 मध्ये, सरासरी आठ वर्षांनंतर, आतड्याच्या कर्करोगात काहीच घट दिसली नाही. चरबी निर्दोष सुटली असा याचा अर्थ अनेकांनी काढला. माझ्या मते तो घाईचा होता, कारण चरबी कोणती हा प्रश्न त्या चाचणीने विचारलाच नव्हता.

2016 मध्ये एमआयटीतल्या ओमर यिल्माझ यांच्या गटाने थेट पेशींकडे पाहिलं. उंदरांना 9 ते 14 महिने असा आहार दिला, ज्यातले 60 टक्के उष्मांक चरबीचे, तीही मुख्यतः डुकराची. त्यांच्या आतड्यातल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांतून नव्या पेशी तयार होतात त्या, वाढल्या. एवढंच नाही, तर मूळपेशी नसलेल्या शेजारच्या पेशींनाही तसे गुण आले. पीपीएआर-डेल्टा हे प्रथिन त्यामागे होतं. गाठी होण्यापासून रोखणारं एपीसी हे जनुक निकामी केल्यावर अशा पेशींतूनही गाठी उगवू शकत होत्या. माणसाच्या रोजच्या जेवणाला चरबीचं हे 60 टक्के प्रमाण जसंच्या तसं लावता येत नाही.

2019 मध्ये सॉल्क संस्थेतल्या रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने एपीसी बिघडलेल्या उंदरांमध्ये दाखवलं, की चरबीयुक्त आहाराने वाढलेली काही पित्ताम्लं एफएक्सआर या ग्राहीला, म्हणजे पित्ताम्लं ओळखणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाला, दाबतात आणि त्यामुळे कर्करोगी मूळपेशींची वाढ सुरू होते.