गुडघ्याची वाटी दुखते, मग पायाच्या ठेवणीला दोष कधीपासून लागला?

जिना चढताना एकवेळ चालतं, उतरताना मात्र वाटीच्या मागे कळ येते, तीन तास एसटीत बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडतच पडतात, आणि उकिडवं बसायचं तर आधी भिंत शोधायची. माझं हे विशीत सुरू झालं. तेव्हा टेबलावर पाय लांब करून झोपवलं आणि गुडघ्यावर प्लॅस्टिकचा कोनमापक ठेवला, त्याचं एक टोक कमरेच्या पुढच्या हाडाकडे आणि दुसरं नडगीच्या वरच्या टोकाला जो उंचवटा हाताला लागतो त्याच्याकडे. मग सांगितलं की तुमचा क्यू अँगल जास्त आहे, पायाची ठेवणच तशी, बायकांची कंबर रुंद असते ना. पुढची कित्येक वर्षं मी माझ्या पायांकडे बिघडलेली वस्तू म्हणूनच बघत होते.

तो कोन खोटा नाही. मांडीचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, वाटीला वर आणि जरासा बाहेर ओढतो, वाटीखालचा पट्टा तिला जवळजवळ सरळ खाली धरून ठेवतो, त्यामुळे स्नायू आवळला की वाटी बाहेरच्या अंगाला सरकू बघते, आणि मांडीच्या हाडाला जी खाच असते ती तिला अडवते. क्वाड्रिसेप्सचा क्यू, म्हणून क्यू अँगल. पण ही सगळी विचारसरणी दुखणाऱ्या वाटीवरून आलेलीच नाही, ती आली निखळणाऱ्या वाटीवरून, आणि माझ्या मते खरा घोळ इथेच झाला.

स्वित्झर्लंडचे सर्जन सेझार रू यांनी 1888 मध्ये सारखी निखळणाऱ्या वाटीचं ऑपरेशन लिहून ठेवलं. 1938 मध्ये अमेरिकेत हाउसर यांनी वाटीचा खालचा पट्टा हाडाच्या तुकड्यासकट उचलून आतल्या बाजूला बसवायची पद्धत दिली, तीही निसटणाऱ्या वाटीसाठीच. आणि 1964 मध्ये स्वीडनचे ब्राटस्ट्रॉम यांनी हा क्यू अँगल मांडला तो त्या खाचेच्या आकारावर काम करताना, म्हणजे तिथेही प्रश्न वाटी परत परत का निखळते हाच होता.

दुखण्याची गोष्ट वेगळ्याच वाटेने चालली होती. गुडघा उघडल्यावर वाटीमागची कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, मऊ पडलेली, चिरा गेलेली दिसायची, म्हणून दुखण्याचं नावच पडलं कॉन्ड्रोमलेशिया, आणि 1961 मध्ये कॅनडाचे आउटरब्रिज यांनी त्या झिजेच्या चार पायऱ्या ठरवल्या ज्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये अजून दिसतात. सत्तरच्या दशकात या दोन वाटा एक झाल्या. फ्रान्समध्ये फिका यांनी वाटीच्या बाहेरच्या कडेवर जादा दाब येतो असं मांडलं, न्यूयॉर्कमध्ये इनसॉल यांनी 1976 मध्ये 20 अंशांच्या वर कोन म्हणजे गडबड अशी रेघ ओढली, आणि मग वाटीच्या ओढीची रेषा वाकडी म्हणून कूर्चा झिजते, कूर्चा झिजते म्हणून दुखतं, असं सरळसोट गणित बसलं. मग रेषा सरळ करायला ऑपरेशनं आली. वाटीच्या बाहेरच्या बाजूचे धागे कापायचे ते इतकं चाललं की काहींची वाटी उलटी आतल्या बाजूला निसटायला लागली, आणि हाउसर पद्धतीत तर नडगीचं हाड त्रिकोणी असल्यामुळे पट्टा आत नेला की मागेही जायचा, म्हणजे वाटीवरचा दाब वाढायचा आणि पुढे तिथेच संधिवात. हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात फक्त दुखतंय म्हणून आलेलेही लोक होते.

1979 मध्ये ओरेगॉनच्या स्टॅन जेम्स यांनी धावणाऱ्यांचे पाय बघून अख्ख्या पायाचं वर्णन केलं: मांडीचं हाड आत वळलेलं, उभं राहिलं की दोन्ही वाट्या एकमेकींकडे बघतात, नडगी बाहेर पिळलेली, तळपाय आत कललेला. निदान नजर गुडघ्यावरून कंबर आणि पावलापर्यंत गेली. 1986 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फिजिओ जेनी मॅककॉनेल यांनी वाटी आत ओढणारी टेप आणली, तिने बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं, पण वाटी खरंच जागेवर आली असं नंतरच्या तपासण्यांत काही नेहमी दिसलं नाही.

सगळ्यात मोठा धक्का 1998 चा. स्कॉट डाय नावाच्या अमेरिकन ऑर्थोपेडिक सर्जननी स्वतःच्या गुडघ्यांत, आत भूल न घेता, दुर्बीण घालून घेतली आणि आतला एकेक भाग टोचून कुठे किती दुखतं ते शुद्धीत राहून नोंदवलं. वाटीची कूर्चा दाबली तर काहीच नाही, कारण कूर्चेत नसाच नसतात, पण पुढच्या चरबीच्या गादीला आणि आतल्या अस्तराला हात लागला की सहन होईना. म्हणजे ज्या झिजेवर एवढं गणित उभं होतं तिच्यावर दाबूनही दुखत नव्हतं. डाय यांचं म्हणणं असं की सांध्याला झेपेल त्यापेक्षा जास्त भार पडला, एकदम किंवा सारखा सारखा, की हे भाग चिडतात.

मग 2003 मध्ये लॉस एंजेलिसचे ख्रिस्तोफर पॉवर्स यांनी अंगाचा भार पायावर ठेवून एमआरआय काढले, ज्यांची वाटी बाहेर सरकते अशा लोकांचे, आणि दिसलं की भार असताना मुख्यतः वाटी बाहेर जात नाही, तिच्याखाली मांडीचं हाड आत फिरतं. रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर डबा जागेवरच, रूळ सरकतात. झोपवून मोजलेल्या कोनात हे कसं दिसणार? आणि 2005 मध्ये बायकांची रुंद कंबर हेही गेलं, सारख्या उंचीचे बाई आणि पुरुष घेतले तर कोन जवळपास सारखाच निघाला.

वाटी खरोखर निखळत असेल तर रेषा आजही महत्त्वाची आहे, सीटी स्कॅनवर खाच आणि तो नडगीचा उंचवटा यांच्यातलं अंतर मोजतात, 20 मिलिमीटरच्या वर असेल तर ऑपरेशनचा विचार होतो. नुसतं दुखत असेल तर तज्ज्ञांच्या 2016 च्या एकत्रित निवेदनात पहिला उपाय व्यायाम आहे, गुडघ्याचे आणि कमरेचे दोन्ही. मला कुशीवर झोपून वरचा पाय उचलायला ज्या फिजिओनी शिकवलं त्यांनी कोनमापक काढलाच नाही, पायरीवरून एका पायावर हळू उतरायला सांगितलं आणि गुडघा आत जातोय का ते समोर बसून बघत राहिल्या.